उन्हाळ्यात गरम पाणी लागतं कशाला?

सिनॉप्सिसच्या प्रेझेंटेशनला मी तिसरी स्लाइड लावली आणि समितीतले एक ज्येष्ठ सर हसायला लागले. स्लाइडवर लिहिलं होतं, 'सोलापुरातील घरगुती पाणी तापवण्याची उन्हाळ्यातील कार्यक्षमता'. ते म्हणाले, "अहो मॅडम, आमच्याकडं मे महिन्यात नळ सोडला की चहाच निघतोय. साखर तेवढी घालायची. उन्हाळ्यात गरम पाणी लागतं कशाला?" खोलीतले सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार? पण उत्तर माझ्याकडे नव्हतं. प्रस्ताव परत आला. शेरा होता: समस्या स्पष्ट नाही.

पेट, सेट, नेटची तयारी करता करता तुम्ही मनात विषय घोळवत असाल, तर ही गोष्ट तुमच्यासाठी. त्या सरांचा प्रश्न मी तेव्हा टवाळी समजले. पुढचं जवळजवळ वर्ष त्याच प्रश्नाचं उत्तर शोधण्यात गेलं आणि ते प्रयोगशाळेत सापडलं नाही. मी फिजिक्सची एम.एस्सी. आहे, इतिहासाचं पुस्तक दहावीनंतर उघडलं नव्हतं. ते उघडावं लागलं.

आधी सरळ उत्तर देऊन टाकते. लागतं. घरात बाळंतीण आणि तान्हं बाळ असेल तर लागतं. सांधे धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला लागतं. डोक्याला तेल लावून न्हायचं असेल तर लागतं, तुपकट भांड्यांना लागतं, पहाटेच्या पाळीला निघणाऱ्या काहींना सवयीनं लागतं. मात्र किती लागतं आणि किती गरम, हे कुणी विचारलेलंच नाही. इथे 'कुणी' हा शब्द मी जपून वापरतेय. २०११च्या जनगणनेची घरयादी काढून बघा. स्वयंपाकाचं इंधन कोणतं, दिव्याला काय वापरता, न्हाणीघर आहे का, टीव्ही, सायकल, स्कूटर आहे का, हे सगळं विचारलंय. आंघोळीचं पाणी कशावर तापवता, हा रकानाच नाही. गीझर घरातल्या वस्तूंच्या यादीतही नाही. ज्या घरात स्वयंपाक गॅसवर आणि पाणी मागच्या दारी तीन दगडांच्या चुलीवर, ते घर या आकडेवारीत नुसतं 'गॅस' म्हणून उतरतं. चूल गायब.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा विसावा खंड सोलापूरचा, १८८४ सालचा. तो चाळताना माझं तेच झालं. हवामान, पिकं, विणकर, तलाव यांवर पानंच्या पानं आहेत. या गॅझेटियर मालिकेत ऊन पाणी भेटतं ते जन्माच्या वर्णनात, सुईण बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालते तिथे, एका वाक्यात. त्यासाठीचं जळण बहुतेक वेळा विकत आणलेलं नसायचं. परसातल्या काटक्या, गोवऱ्या, तुरीच्या तुराट्या. जे विकत घेतलं जात नाही त्याची पावती नसते, आणि पावती नसलेली गोष्ट दप्तरात येत नाही. लिटरेचर रिव्ह्यू करताना 'या विषयावर काही सापडलं नाही' असं लिहायच्या आधी एवढं बघा की तो विषय कोणत्या रकान्यात बसला नसेल.

मग मी म्हाताऱ्या माणसांशी बोलायला लागले. पहिल्या दहा-बारा मुलाखती वाया गेल्या, कारण मी विचारत होते, "तुम्ही पाणी कशावर तापवायचा?" उत्तर एका शब्दात यायचं आणि संपायचं. बंब. चूल. स्टोव्ह. एकदा चुकून विचारलं, "आंघोळीला पहिला नंबर कुणाचा?" आणि बाई पाऊण तास बोलल्या.

तर बंबाविषयी. तुमच्या घरात माळ्यावर एखादा असेल, किंवा आता बैठकीच्या खोलीत घासूनपुसून शोभेला ठेवलेला असेल. तांब्याचं मोठं पिंप, त्याच्या मधून आरपार गेलेली नळी, नळीच्या बुडाशी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा. वरून झाकण काढून पाणी ओतायचं, खालच्या पितळी तोटीनं काढायचं. जळण त्या मधल्या नळीत. वखारीत यासाठी लहान ढलप्यांची वेगळी लाकडं मिळायची, त्यांना बंबफोडच म्हणायचे. पुण्यातल्या तांबट आळीतून असे बंब घरोघर गेले. पाणी न भरता बंब पेटवला तर डाख सुटतो, म्हणून पोरांना त्याला हात लावू देत नसत.

फिजिक्सवाल्यानं बंबाकडे जरा नीट बघावं. चुलीवरच्या हंड्याला जाळ खालून लागतो आणि बराचसा बाजूनं निसटतो. बंबात जाळ मध्ये आणि पाणी चहूबाजूंनी, त्यामुळे भिंतीतून जाणारी उष्णता पाण्यातच जाते. त्या काळच्या कापडगिरण्यांत सर्रास असणाऱ्या लँकेशायर बॉयलरचं तत्त्वही हेच, नळीत आग आणि भोवती पाणी. सोलापूरची जुनी मिल १८७७ साली सुरू झाली. गिरणीत जे मोठ्या प्रमाणावर चालायचं, तेच वाड्याच्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात लहान प्रमाणावर.

पण बंबाचं खरं मर्म मला त्या आंघोळीच्या नंबरात सापडलं. बंब एकदा पेटला की घरातली सगळी माणसं ओळीनं आटपून घ्यायची. एकानं बादलीभर कढत पाणी काढलं की तेवढं गार पाणी वरून ओतायचं, पुढच्याचं तोवर तापतं. शेवटच्या निखाऱ्यांवर तापलेलं पाणी भांड्यांना नाहीतर धुण्याला. म्हणजे तापवलेलं पाणी उरतच नव्हतं. बंबाची कार्यक्षमता निम्मी तांब्यात होती आणि निम्मी त्या रांगेत. रांग मोडणाऱ्याला बोलणी बसायची ती उगाच नाही.

आता 'विसण' हा शब्द. कढत पाण्यात सोसवेल एवढं होईपर्यंत जे गार पाणी घालायचं, ते विसण. तरुण वाचकांपैकी किती जणांना हा शब्द माहीत आहे, मला शंका आहे. माझ्या प्रबंधात तो पहिल्याच प्रकरणात येतो आणि माझी सगळ्यात मोठी चूकही त्याच्यावरच झाली. ती पुढे सांगते.

उन्हाळ्यात बंबाचं काय व्हायचं? बऱ्याच घरांत तो होळीनंतर निवायचा. आमच्या आजीकडे रंगपंचमी झाली की अंगणात तांब्याचं घंगाळ निघायचं. सकाळी दहाच्या सुमारास ते भरून उन्हात ठेवायचं, वर जुनं ताट झाकायचं. कधी त्यात पळसाची फुलं, अंगावर घामोळं उठलेलं असेल तर कडुलिंबाचा पाला. दुपारी एकच्या आसपास आम्हा पोरांना धरून त्यात बुचकळायचं. ताट राहिलं आणि घंगाळ सावलीत गेलं की आजीचा आवाज यायचा, "अगं ते पुढं सरकव की, ऊन वाया चाललंय!"

ऊन वाया जातं ही कल्पना मला तेव्हा विनोदी वाटायची. आता हिशेब करून बघू. घंगाळाचं तोंड अर्धा मीटर रुंद धरा, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ०.२ चौरस मीटर. भर दुपारचं ऊन चौरस मीटरला ९०० वॉटच्या आसपास. त्यातलं सत्तर टक्के पाण्यात मुरलं तर सव्वाशे वॉट. दोन तासांत पाव युनिट. एक युनिट उष्णतेत ८६० लिटर पाणी एक अंशानं तापतं (हा आकडा पाठ करा, आयुष्यभर उपयोगी पडेल). म्हणजे वीस लिटर पाणी दहा अंशांनी चढेल. वाफ होऊन उडणारी उष्णता वजा करता थोडं कमी, आणि ताट झाकलं तर ऊन अडतं पण वाफही अडते, ताट तापून खालच्या पाण्याला थोडी ऊब देतं. काच झाकली असती तर उत्तम. एवढंच आजीचं चुकलं म्हणायचं.

काच झाकण्याची कल्पना जिथे धंद्यात उतरली, ती गोष्ट अमेरिकेतली आहे आणि ती ऐकून मी उडालेच, कारण ती उन्हाळ्याचीच गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे पाणी कोळशाच्या शेगडीवर तापायचं. थंडीत शेगडी पेटलेलीच असायची, घरही ऊबदार राहायचं. उन्हाळ्यात मात्र बादलीभर पाण्यासाठी शेगडी पेटवली की घराची भट्टी. काही लोकांनी छपरावर काळ्या रंगाच्या पत्र्याच्या टाक्या चढवल्या. दुपारी पाणी छान तापायचं, रात्री गार. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पनं अशा टाक्या काच लावलेल्या पेटीत बसवल्या आणि १८९१ साली 'क्लायमॅक्स' नावानं पेटंट घेतलं. त्याची सुरुवातीची जाहिरात कुणासाठी होती? बायको आणि मोलकरीण उन्हाळ्यात हवा पालटायला गेल्यावर घरी एकटे उरणाऱ्या पुरुषांसाठी. त्यांना शेगडी पेटवायचा त्रास नको! पुढे हे यंत्र कॅलिफोर्नियात गेलं आणि १८९७ पर्यंत पॅसाडीनातल्या जवळपास एक तृतीयांश घरांवर होतं. १९०९ साली विल्यम बेली या माणसानं तापवणारा भाग छपरावर आणि साठवणारी टाकी गुंडाळून वेगळी, अशी विभागणी केली, म्हणजे रात्री नि सकाळीही पाणी गरम राहील. कंपनीचं नावच 'डे अँड नाइट'. आज आपल्या गच्चीवर जो सोलर दिसतो, त्याचा सांगाडा तोच. मग तिकडे नैसर्गिक वायू स्वस्त झाला आणि त्याच कंपनीनं गॅसचे हीटर बनवायला घेतले.

आपल्याकडे सूर्याच्या उष्णतेचा विचार नव्हता असं समजू नका. मुंबई उच्च न्यायालयातले एक इंग्रज अधिकारी, विल्यम अ‍ॅडम्स, यांनी १८७८ साली मुंबईत यावर पुस्तकच छापलं. उष्ण कटिबंधात इंधनाला पर्याय म्हणून सूर्य, असा त्याचा विषय. त्यांनी आरसे लावून अन्न शिजवलं आणि बहात्तर सपाट आरशांच्या मांडणीनं बॉयलर तापवून अडीच अश्वशक्तीचा वाफेचा पंप चालवून दाखवला. म्हणजे सोलापुरात पहिली गिरणी सुरू झाली त्याच्या दुसऱ्याच वर्षी. मी अ‍ॅडम्सवर आठवडाभर फिदा होते. नंतर लक्षात आलं की त्यांचं सगळं लक्ष प्रखर उष्णतेवर होतं, वाफ आणि इंजिन यांवर. साहजिक होतं, ते शतकच वाफेचं. पण आंघोळीला लागतात चाळीस अंश. चाळीस अंशांसाठी आरसे लागत नाहीत, घंगाळ पुरतं.

आता सोलापुरात या. शहराला पाणी देण्याचा इतिहास लांबलचक आहे, १८७१ साली पूर्ण झालेला एकरुख तलाव (हिप्परग्याचा, आपण म्हणतो तो), मग १९८० साली पूर्ण झालेली उजनी. तरी शहरात कित्येक वर्षं नळाला पाणी येतं ते तीन, चार, कधी पाच दिवसांआड. त्यामुळे प्रत्येक घर हे आधी साठवणीचं घर. खाली हौद, वर टाकी, जिन्याखाली बॅरल. १९७०च्या दशकात गुजरातेतल्या कलोलच्या एका कापडगिरणीनं प्लास्टिकचा विभाग काढला आणि त्यातून सिन्टेक्सची काळी टाकी आली. पुढे अशा टाक्या गच्चीगच्चीवर चढल्या. कुणी सोलर घ्यायचा म्हणून ती घेतली नाही, पाणी साठवायचं म्हणून घेतली. पण काळा रंग, पातळ भिंत आणि मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन, म्हणजे केम्पच्या आधीच्या त्या अमेरिकन टाक्याच झाल्या की! मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात इथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. त्या दिवसांत संध्याकाळी पाच-सहाला टाकीचा नळ सोडा. सरांचा चहा तोच. आणि हीच टाकी रात्रभर उघड्या आकाशाखाली निवते, म्हणून पहाटे त्याच नळाला बऱ्यापैकी गार पाणी.

पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कामगाराच्या घरी आजींनी मला हे एका वाक्यात सांगितलं. "सकाळची अंघोळ देवासाठी, संध्याकाळची आपल्यासाठी." कारखान्यातून अंगावर सुताचा भुस्सा घेऊन आलेला माणूस उन्हाळ्यात संध्याकाळी टाकीच्या पाण्यानं न्हातो, एक पैसा न खर्चता. पाहुणा गीझर कुठाय विचारतो तेव्हा त्यांना हसू येतं.

इथपर्यंत आल्यावर मला माझा सिद्धान्त सापडला असं वाटलं. पाणी साठ अंशांपर्यंत तापवायचं आणि मग त्यात विसण घालून चाळीसवर आणायचं, हाच अपव्यय! विसण म्हणजे वाया गेलेली ऊर्जा. मी अर्धं प्रकरण लिहून गाइडना पाठवलं. त्यांनी एकच ओळ उत्तर पाठवलं: 'ऊर्जा अक्षय्यतेचा नियम पुन्हा वाचावा.'

तुम्हीही कागद घ्या. टाकीचं पाणी ३० अंश धरू. ४० अंशाचं वीस लिटर पाणी हवंय. सरळ तापवलं तर वीस लिटर गुणिले दहा अंश, २०० लिटर-अंश. साठ अंशाचं पाणी घेऊन विसण घातलं, तर एक तृतीयांश गरम, म्हणजे पावणेसात लिटरच्या आसपास, आणि बाकी विसण. त्या पावणेसात लिटरला तीस अंश चढवायला पुन्हा २००च. फरक शून्य. विसणावर मी जो ठपका ठेवला तो खोटा होता आणि तो नववीच्या मुलानंही पकडला असता. सांगायला लाज वाटते, पण सांगते, कारण आवडता शब्द सापडला की माणूस गणित विसरतो.

मग अपव्यय कुठे आहे? उरलेल्या पाण्यात. पंधरा लिटरचा गीझर साठ अंशांपर्यंत गेला म्हणजे त्यात ४५० लिटर-अंश भरले. आपण २०० काढले. उरलेले २५० टाकीत बसून दिवसभर न्हाणीघर तापवतात, तेही मे महिन्यात. गीझरवर स्टार रेटिंगचं लेबल असतं, त्यावर 'स्टँडिंग लॉस' नावाचा आकडा असतो. पाणी न वापरता नुसतं गरम ठेवायला चोवीस तासांत किती युनिट जातात, तो. घरी जाऊन वाचा. आता चार जणांच्या घराचा मे महिन्यातला हिशेब: चार बादल्या, ऐंशी लिटर, ३२ वरून ४० अंश. ६४० लिटर-अंश, म्हणजे पाऊण युनिट. गीझर दिवसभर चालू राहिला, तर गरजेच्या तुलनेत नुसता राखणीचा खर्च नजरेत भरण्याइतका होतो. हिवाळ्यात तोच गीझर एवढा वाईट दिसत नाही, कारण तेव्हा गरज मोठी असते. उन्हाळ्यातच तो उघडा पडतो. आणि बंबाच्या रांगेचा अर्थ मला इथे कळला. उरलेलं पाणी शून्य करणारी ती व्यवस्था होती. रांग मोडली, प्रत्येकाची वेळ वेगळी झाली आणि उरलेलं पाणी जन्माला आलं.

सोलरचंही असंच, पण त्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. आपल्याकडच्या सरकारी पुस्तिकांत एक वाक्य वर्षानुवर्षं फिरत आलंय: १०० लिटरचा सोलर वॉटर हीटर वर्षाला १५०० युनिट वीज वाचवतो. मी ते माझ्या पहिल्या प्रस्तावात जसंच्या तसं उतरवलं होतं. तुम्ही उतरवू नका, उलटं सोडवा. १५०० गुणिले ८६०, भागिले १०० लिटर, भागिले ३६५ दिवस. उत्तर येतं सुमारे ३५. म्हणजे वर्षातल्या प्रत्येक दिवशी शंभरच्या शंभर लिटर पाणी ३५ अंशांनी तापवलं गेलं आणि वापरलंही गेलं, असं गृहीत धरल्याशिवाय हा आकडा येत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात आपली गरज आहे आठ अंशांची. पुढच्या पुस्तिकांत गरम पाण्याचे दिवस प्रदेशागणिक वेगळे धरलेले आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तरी जाहिरातींत राहिला तो १५००च.

बंगळुरूनं २००७ पासून नव्या घरांना सोलर हीटर सक्तीचा केला आणि त्या शहरात तो रुजला. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवरचं गाव, बारा महिने आंघोळीला ऊन पाणी लागणारच. तोच १०० लिटरचा, ६० अंशांचा साचा सोलापूरच्या गच्चीवर येतो तेव्हा डिसेंबरात तो गुणी असतो आणि एप्रिलपासून अनावर. कालचं पाणी वापरलंच नाही तर आजचं ऊन त्याच पाण्यावर चढतं. सत्तर, ऐंशी, त्याहून वर. वरच्या नळीतून वाफ जाते, तोटी सोडली तर हात भाजतो. बोअरचं पाणी असेल तर आणखी एक दुखणं. कॅल्शियमचा क्षार पाणी जितकं तापेल तितका जास्त साका धरतो, त्यामुळे उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत, जेव्हा त्या सोलरची गरज सगळ्यात कमी, तेव्हाच त्याच्या नळ्या सगळ्यात जास्त चोंदतात. कलेक्टर दक्षिणेला तीसेक अंश कलता बसवतात, हिवाळ्याच्या खालच्या सूर्यासाठी. त्यानं उन्हाळ्यात आपोआप आळा बसेल असं मला वाटलं होतं. सूर्य माथ्यावर असताना तीस अंशांच्या कलण्यानं ऊन कमी होतं फक्त तेरा टक्के. कोसाइन काढून बघा.

सोलापूरकरांनी यावर शोधलेला उपाय मला गच्च्यांवर फिरताना दिसला. एप्रिल लागला की सोलरच्या निम्म्या नळ्यांवर जुनी चादर टाकतात. सोलापुरी चादर! मी फोटो काढून गाइडना पाठवला, 'शेडिंग डिव्हाइस, स्थानिक' असं लिहून. यावेळी त्यांचं उत्तर आलं नाही, पण पुढच्या भेटीत त्यांनी तो फोटो प्रबंधात घ्यायला सांगितलं.

आणखी एक गळती आहे, ती विजेच्या बिलात दिसत नाही. गच्चीवरून तळमजल्याच्या न्हाणीपर्यंत पंधरा मीटर पाइप धरा. पाऊण इंची पाइपात तेवढ्या लांबीत चार लिटरच्या वर पाणी मावतं. सकाळी गरम पाणी येईपर्यंत ते पाणी मोरीत जातं, दर वेळी. जिथे नळ चार दिवसांआड सुटतो तिथे हे चार लिटर मला युनिटांपेक्षा जास्त टोचतात. याला उपाय साधा आहे, पाइपाखाली आधी दुसरी बादली. ज्या घरांत आजी आहे तिथे ती बादली असतेच.

विजेच्या मागे गेलं तरी पाणीच लागतं. दक्षिण सोलापूर तालुक्यात एनटीपीसीचं औष्णिक केंद्र आहे, ६६० मेगावॉटचे दोन संच. त्याला पाणी उजनीचं. अशा केंद्रात कोळशातल्या शंभर भाग उष्णतेतून साधारण चाळीस भाग वीज होते, बाकी उष्णता हवेत आणि पाण्यात जाते. वीज जाळ्यात मिसळते, त्यामुळे तुमच्या गीझरात याच केंद्राची वीज येते असं म्हणता येत नाही. पण चित्र डोळ्यांपुढे आणा. उजनीच्या पाण्याची वाफ करून केलेल्या विजेनं आपण उजनीचंच, आधीच बत्तीस अंशांवर असलेलं पाणी आठ अंशांनी चढवतो. त्याच वेळी डोक्यावरच्या टाकीत ते फुकट चढत असतं, फक्त आपल्याला हवं त्या वेळी नाही.

म्हणून माझा प्रश्न बदलला. 'कोणतं साधन जास्त कार्यक्षम?' हा प्रश्न मी सोडला. आता प्रबंधात रकाने आहेत ते असे: किती लिटर, किती अंश, किती वाजता. साधन चौथ्या रकान्यात येतं. असं मांडलं की उन्हाळ्यातल्या सोलापुरात बहुतेक गरजा टाकीवर आणि घंगाळावर भागतात, बाळाच्या पाण्याला गॅसवरची एक तपेली पुरते, आणि गीझर लावायचाच तर आंघोळीआधी लावून बंद करायचा. त्याचा थर्मोस्टॅट चाळीसवर उतरवून दिवसभर चालू ठेवा असं मात्र मी सांगणार नाही. कोमट पाणी साठवून ठेवलं की त्यात लेजिओनेलासारखे जिवाणू वाढतात, साठ अंशांचा दंडक निम्मा त्यासाठीच आहे. कोमट हवं असेल तर तापवा आणि लगेच वापरा. गॅस गीझरवाल्यांना एकच विनंती, उकाडा असो वा थंडी, न्हाणीची खिडकी बंद करून तो लावू नका. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडनं माणसं मेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात येत राहतात.

दुसऱ्या प्रेझेंटेशनला तेच सर होते. मी तेच शीर्षक ठेवलं, खाली तीन रकाने. ते यावेळी हसले नाहीत, चष्मा काढून बराच वेळ तक्ता बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, यात आमच्या घरचं बसत नाही."

मी विचारलं, कसं काय?

"आमचा गीझर मे महिन्यात बंद असतो. घरात सावलीत असतो ना तो, वर जाड गुंडाळलेला, पाणी आपलं साधंच राहतं. दुपारी नळाला टाकीचं कढत येतं. मग मिसेस गीझरची तोटी सोडतात." ते थांबले. "विसण गीझरातनं घेतो आम्ही."

मी पेन शोधायला लागले. पाचवा रकाना करावा लागणार होता.